लकव्यानंतर हात परत यावा म्हणून सुया: नातेवाईक विचारतात ते प्रश्न

लकव्याच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. आत पेशंटचे हातपाय चालू असतात आणि मुलगा नाहीतर सून मला दारात गाठून हळू आवाजात विचारते, "मॅडम, ते सुयांचं कसं असतं हो? करून बघू का?" हळू आवाजात अशासाठी, की मी रागावेन असं त्यांना वाटतं. मी रागावत नाही. पण दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून इथे लिहून ठेवलंय. सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. मी स्वतः सुया टोचत नाही, फिजिओथेरपी करते. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी एवढंच सांगा: सुयांनी हात परत येतो का?

नुसत्या सुयांनी येतो असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. व्यायामाच्या जोडीला घेतल्यावर काहींचा हात सुधारलेला दिसतो. पण त्यात सुईचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि शरीर आपसूक भरून काढतं ते किती, हे नीट वेगळं काढता आलेलं नाही. व्यायाम सोडून सुया घेतल्या तर मात्र तोटाच.

बाबा चालायला लागले, मग हातच का मागे राहिला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो आणि पुष्कळदा त्यामागे शंका असते की फिजिओने पायाकडेच लक्ष दिलं. कारण दुसरंच आहे. मेंदूत हाताचं नियंत्रण बाहेरच्या अंगाला असतं आणि तिथे रक्त पुरवणाऱ्या मधल्या रोहिणीतच बहुतेक वेळा गुठळी अडकते. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीत असतो आणि त्याला वेगळी रक्तवाहिनी रक्त देते, त्यामुळे तो अनेकदा थोडक्यात वाचतो.

शिवाय पायाकडून अपेक्षा कमी असते. गुडघा ताठ ठेवून, पाय काठीसारखा टेकवत माणूस संडासापर्यंत जाऊ शकतो. हाताचं तसं चालत नाही. सदऱ्याचं बटण लावायला अंगठा आणि तर्जनी मिलिमीटरच्या हिशेबाने जुळावी लागतात, मनगट स्थिर राहावं लागतं आणि या सगळ्याला खांद्याने आधार द्यावा लागतो. यातलं एक कमी पडलं तरी बटण लागत नाही.

लकव्याचा झटका येऊन अडीच महिने झाले. उशीर झाला का?

नाही, पण यापुढचा एकही आठवडा वाया घालवू नका. मेंदूची स्वतःची डागडुजी पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जोरात चालते. पुढे ती मंदावते आणि सहा महिन्यांनंतर आपसूक होणारी सुधारणा फारच थोडी उरते. मेहनतीने होणारी मात्र पुढेही होत राहते.

हात कितपत येईल याचा अंदाज फार लवकर बांधता येतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. झटक्यानंतर दुसऱ्या दिवशी ज्या पेशंटला बोटं थोडी तरी सरळ करता आली आणि खांद्यातून हात बाजूला उचलता आला, त्याच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही न जमणाऱ्यांत ती २५ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून तुमचा पेशंट आज बोटं उघडू शकतो का, हे मी सगळ्यात आधी बघते. मूठ वळता येणं कमी महत्त्वाचं, उघडता येणं जास्त.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. ज्याची बोटं दुसऱ्याच दिवशी हलत होती, त्याने नंतर सुया घेतल्या, कुणाचा काढा घेतला किंवा कबुतराचं रक्त चोळून घेतलं, तरी त्याचा हात बहुधा येणारच होता. मग गावभर नाव होतं ते कबुतराचं.

सुयावाले नेमकं करतात काय? दुखतं का?

सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते, इंजेक्शनच्या सुईहून कितीतरी बारीक, आणि पोकळ नसते. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग सुई थोडी फिरवली की आत जडपणा, कळ किंवा झिणझिण्या येतात. त्याला चिनी वैद्य 'द-ची' म्हणतात. सुया वीस मिनिटं ते अर्धा तास तशाच ठेवतात.

हातासाठी काही जागा ठरलेल्या आहेत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात 'हगू', कोपर वाकवल्यावर पडणाऱ्या घडीच्या बाहेरच्या टोकाशी 'च्यूची', मनगटाच्या मागच्या बाजूने दोन अंगठ्यांच्या रुंदीएवढं वर 'वायग्वान', हात बाजूला उचलल्यावर खांद्याच्या टोकाशी पडणाऱ्या खळगीत 'ज्यान्यू'.

डोक्यात सुया देण्याची पद्धत वेगळी. ती फार प्राचीन असेल असं लोकांना वाटतं, पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या शान्शी प्रांतात ज्याओ शुन्फा यांनी ती पुढे आणली. मेंदूच्या ज्या अर्ध्याला इजा झाली त्या बाजूला, हालचालीच्या पट्ट्याच्या वर, टाळूच्या कातडीखाली सुई जवळजवळ आडवी सरकवतात आणि मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा गिरकी देतात. कवटीच्या आत काही जात नाही, घाबरू नका. थ्येनचिनमध्ये शी श्वेमिन यांनी १९७२ मध्ये खास लकव्यासाठी आणखी एक पद्धत बसवली. तिच्या नावाचाच अर्थ 'मेंदू जागा करून दारं उघडणं' असा होतो.

सुईला करंट लावला की बाबांची बोटं टकाटक हलतात. म्हणजे हात येतोय ना?

नाही. हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं आणि समोरचा चेहरा उतरलेला बघावा लागतो.

दोन सुयांना चिमटे लावून लहानशा यंत्रातून सेकंदाला दोनपासून शंभरपर्यंत ठोके सोडतात. ठोका स्नायूपर्यंत किंवा त्याच्या नसेपर्यंत पोचला की स्नायू आकसतो आणि बोट हलतं. तुमच्या धडधाकट हाताला लावलं तरी हलेल. लकव्यात स्नायू आणि नस बहुतेक शाबूत असतात. बिघाड असतो वर, हुकूम देणाऱ्या जागेत. आमच्याकडच्या स्टिम्युलेटरने बोटं हलतात तेव्हाही मी हेच सांगते.

पण करंट वायाच जातो असंही नाही. यंत्र बोट उचलतंय त्याच क्षणी पेशंटने बोटाकडे बघून मनापासून 'उचल' म्हणून जोर लावला, तर मेंदूचा हुकूम आणि हाताकडून परत जाणारी संवेदना एकत्र येतात. ती जोडणी घडायला हवी. म्हणून पेशंट टीव्ही बघत पडलाय आणि बोटं आपली नाचताहेत, असं दिसलं तर आधी टीव्ही बंद करा.

अभ्यास काय सांगतात? नेटवर तर ९० टक्के गुण म्हणून लिहिलेलं असतं.

कशाचे ९० टक्के, हे तिथे लिहिलेलं नसतं. 'थोडं बरं वाटलं' हेही 'गुण आला' यात धरलं की आकडा कुठल्या कुठे जातो.

कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांची छाननी करते. लकव्यानंतरच्या पुनर्वसनातल्या अ‍ॅक्युपंक्चरवर तिचा २०१६ चा आढावा आहे: ३१ चाचण्या, २२५७ पेशंट. परावलंबन आणि काही शारीरिक उणिवांमध्ये सुधारणा दिसली, पण बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. म्हणून सरसकट वापरा असं म्हणायला हा पुरावा पुरेसा नाही, असा निष्कर्ष निघाला. झटक्याच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या अ‍ॅक्युपंक्चरचा आढावा २०१८ चा: ३३ चाचण्या, ३९४६ पेशंट. त्यात जे दिसलं ते मला जास्त बोलकं वाटतं. सुया घेतलेल्यांची तुलना काहीच न घेतलेल्यांशी केली तेव्हा फायदा दिसला, आणि खोट्या सुया घेतलेल्यांशी केली तेव्हा तो दिसेनासा झाला.

खोटी सुई म्हणजे काय? नाटकातला खंजीर आठवा, छातीत खुपसला की पातं मुठीत सरकतं. तशीच सुई बनवलेली आहे. टोक बोथट, कातडीला टेकली की दांडा मुठीत जातो आणि पेशंटला वाटतं टोचली. पण टोचणाऱ्याला खरं-खोटं माहीत असतंच, आणि टेकवलेल्या सुईनेही त्वचेला स्पर्श होतोच. त्यामुळे सुयांच्या बाजूचे लोक म्हणतात की खोटी सुई पूर्ण खोटी नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. तरी खऱ्या जागी खोल टोचून फार मोठा फरक पडत असता, तर तो इतक्या हजार पेशंटांत लपून राहिला नसता, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या हृदयविकार आणि स्ट्रोक संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत हाताच्या हालचालीसाठी आणि रोजच्या कामांसाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलंय. गिळायच्या त्रासात जोडीला विचार करायला हरकत नाही, असंही त्यातच आहे. म्हणजे सुयांवर सरसकट फुली मारलेली नाही.

पण चीनमध्ये तर सरकारी दवाखान्यांतही देतात?

देतात, आणि तिथे ते त्याच वॉर्डात व्यायामाच्या बरोबर देतात. आपल्याकडे पेशंट सुयांसाठी रिक्षाने एका टोकाला जातो, फिजिओसाठी दुसऱ्या टोकाला, आणि आठवड्याभरात दमून एक काहीतरी सोडतो. सोडतो तो व्यायाम, कारण त्यात मेहनत असते.

मग कशाने हात सुधारतो, हे तरी ठामपणे सांगता येतं का?

त्याच हाताने, त्याच कामाच्या, पुष्कळ आवृत्त्या. यावर जगात फारसा वाद नाही. ज्याचं मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलली जातात, त्याच्यासाठी चांगला हात बांधून ठेवायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या २२२ पेशंटांच्या चाचणीत, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांत, चांगल्या हातावर जाड मोजा चढवला. जागेपणीच्या ९० टक्के वेळ, दोन आठवडे. जोडीला लकव्याच्या हाताकडून रोज काही तास कामं करून घेतली. वर्षभरानंतरही या लोकांचा हात इतरांहून चांगला चालत होता. निकाल २००६ मध्ये आले.

आमच्याकडे हे घरोघरी चालत नाही, कारण सासूबाई दोन दिवस लकव्याच्या हाताने जेवल्या की सून भरवायला बसते. माया असते, पण हाताचं काम जातं. मी म्हणते, वेळ लागू द्या. भात सांडू द्या. खाली वर्तमानपत्र अंथरा.

हात अजिबात हलत नसेल तर आरसा. टेबलावर मधोमध उभा आरसा ठेवायचा, लुळा हात त्याच्या मागे, आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत मूठ उघड-मीट करायची. मेंदूला दिसतं की लुळाच हात हलतोय. यावर सुयांपेक्षा बरा पुरावा आहे. कपाटाच्या दाराचा जुना आरसा चालतो, फक्त कडांना चिकटपट्टी लावा.

आईची मूठ घट्ट आवळलेली असते. सुयांनी सैल होईल?

सुया काढल्यावर तास-दोन तास हात मऊ लागतो, असं काही पेशंट सांगतात. मला ते खोटं वाटत नाही. पण तो मऊपणा टिकत नाही, म्हणून त्या दोन तासांत बोटं ताणून घ्यायची आणि वस्तू धरायला-सोडायला लावायच्या. सिटिंगनंतर घरी येऊन झोपलात तर पैसे पाण्यात. फारच आवळली असेल, तळव्यात नखं रुतत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ताठरपणा उतरवण्यात त्याची बाजू सुयांपेक्षा खूप भक्कम आहे, मात्र परिणाम तीनेक महिन्यांनी ओसरतो.

आणि तो स्पंजचा पिवळा, हसऱ्या तोंडाचा चेंडू आधी काढून घ्या. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा तो घेऊन येतो. ज्याची मूठ आवळलेली आहे त्याला आणखी आवळायला शिकवायचं कशाला? त्याला बोटांना रबरबँड लावून उघडायला शिकवा. तेच अ‍ॅक्युप्रेशरच्या काटेरी रोलरचं. हाताची जाणीव जागी ठेवायला हलक्या हाताने फिरवा, हात येण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

खांदा इतका दुखतो की व्यायामाला हातच लावू देत नाहीत. तिथे सुया?

इथे मी स्वतः कधी कधी 'बघा घेऊन' म्हणते. पुरावा इथेही पक्का नाही. पण दुखणं थोडं जरी उतरलं आणि पेशंट व्यायामाला तयार झाला तरी खूप झालं. त्याआधी खांदा का दुखतोय ते तपासून घ्या. सैल पडलेल्या खांद्यातून हाताचं हाड खाली सरकतं, खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी फट पडते. अशा पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढलं की झालंच. ओढणारा बहुतेक वेळा घरातला सगळ्यात प्रेमळ माणूस असतो. काखेत हात घालूनही उचलू नका. कमरेला जुनं उपरणं पट्ट्यासारखं बांधा आणि त्याला धरून उठवा. बसल्यावर हाताखाली उशी.

धोका काय?

नवी, एकदाच वापरायची सुई आणि शिकलेला माणूस असेल तर फार कमी. तरी लकव्याच्या पेशंटच्या काही गोष्टी वेगळ्या असतात आणि त्या आपणहून सांगाव्या लागतात.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर नाव सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलवर बहुतेकांना जरासा काळानिळा डाग पडतो, वॉरफेरिनवर जास्त जपावं लागतं. सुयांसाठी यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पेसमेकर असेल तर सुईला करंट नको. खांदा आणि छातीच्या वरच्या भागात फार खोल टोचल्याने फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना जगात नोंदलेल्या आहेत. टोचल्यानंतर धाप लागली तर थेट हॉस्पिटल.

सगळ्यात जास्त मी भिते ती शेकाला. सुयांबरोबर 'मॉक्सा' म्हणून वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून धग देतात. लकव्याच्या हाताला पुष्कळदा गरम-गार कळत नाही, त्यात मधुमेह. एका आजींच्या मनगटावर रुपयाएवढा फोड घेऊन त्यांची मुलगी आली होती. आजींना पत्ताच नव्हता. तो भरेपर्यंत तीन आठवडे हाताचा व्यायाम बंद.

सुयावाले म्हणाले, बीपीच्या गोळ्या हळूहळू सोडू.

तिथून उठा.

जायचंच असेल तर कुणाकडे जावं?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, २०१५ चा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली परिषद आहे. तेव्हा नोंदणी विचारा, भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. पेशंटचा सीटी किंवा एमआरआय बघायला न मागता सुया काढणाऱ्याकडे थांबू नका.

'हे तर आपल्या कोटणीसांनी आणलं' असंही मला ऐकवतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, पण ते शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले. भारतात ती रुजली ती त्यांच्यामुळे. कोटणीसांचं नाव पुढे सुयांच्या दवाखान्यांना दिलं गेलं, म्हणून हा घोळ.

किती सिटिंग घेऊन ठरवायचं?

तीस सिटिंगचं पॅकेज एकदम भरू नका. दहा घ्या. पहिल्या दिवशी मोबाइल एका जागी टेकवून व्हिडिओ काढा: टेबलावरची रिकामी वाटी उचलून पलीकडे ठेवणं, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवणं, तोंडापर्यंत हात नेणं. दहा सिटिंगनंतर तीच वाटी, तीच खुर्ची, तोच कोन. आम्ही ६६ गुणांचं एक मोजमाप घेतो, दोन्ही वेळा तेही करून घ्या. त्यात एक-दोन गुणांचा फरक धरायचा नाही, पाचेक तरी वाढायला हवेत. 'हलकं वाटतं' ही चांगली गोष्ट आहे, पण वाटी उचलली गेली का?

बाबा म्हणतात, सुया टोचून घेतो पण व्यायाम नको.

लकव्यानंतर साधारण तिघांतला एक जण नैराश्यात जातो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. जेवण-झोप बिघडली असेल, माणूस भिंतीकडे तोंड करून पडत असेल, तर आधी ते डॉक्टरांना सांगा. त्याला औषध आहे.

आणि व्यायाम त्याच्या ओळखीचा करा. माझ्याकडे एसटीतले एक निवृत्त कंडक्टर यायचे. आठवड्यातून दोनदा सुयाही घेत होते, मी अडवलं नाही. खुंट्या आणि मणी बघितले की म्हणायचे, "हा बालवाडीचा उद्योग मला नका देऊ." एक दिवस त्यांच्या मिसेसनी माळ्यावरून तिकिटं पंच करायचा जुना चिमटा शोधून आणला. त्यांनी तो उजव्या हातात धरला, आणि दाबला गेला नाही. डाव्या हाताने उजवा दाबून पहिलं भोक पाडलं. मग घरी रोज वर्तमानपत्राच्या कडेला. पाच आठवड्यांनी बोटं आपली आपण दाबायला लागली, चिमटा सोडायला मात्र अजून वेळ लागायचा, अंगठा अडायचा. दिवाळीच्या सुमाराला मिसेस तक्रार घेऊन आल्या, की पेपरचं शब्दकोडं सोडवता येत नाही, सगळ्या चौकोनांना भोकं पडलेली असतात.